पायजम्यातला ‘पाय’ कोणत्या भाषेतला? सैल कपड्यांच्या नावांविषयी

प्रश्न : वाचनवेडा

नमस्कार मंडळी,

परवा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असताना माझ्या आठ वर्षांच्या भाचीने एक प्रश्न विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. ती म्हणाली, “मामा, पायजमा पायांत घालतात म्हणून त्यात ‘पाय’ आहे हे कळले, पण मग ‘जमा’ कशासाठी? इथे कापड जमा होते म्हणून का?” तिच्या हातात पायजम्याचा नेफा होता, त्यातली नाडी आवळलेली होती आणि तिच्या दोन बोटांत खरोखरच कापडाच्या चुण्यांचा गठ्ठा जमा झाला होता. डोळ्यांसमोर पुरावा धरूनच ती विचारत असल्यामुळे तिचा तर्क चुकीचा आहे, असे मला म्हणवेना.

तेव्हापासून ढगळ, घोळदार, अंगाला न चिकटणाऱ्या कपड्यांची नावे माझ्या डोक्यात घोळत आहेत. झुब्बा, सदरा, विजार, सलवार, कफनी, अंगरखा, गाउन, कफ्तान, किमोनो, सारोंग ही सगळी नावे आपण सहज उच्चारतो, पण त्यांतली एक-दोन सोडली तर एकाचाही मूळ अर्थ मला सांगता येत नाही. माझे मुख्य प्रश्न तीन आहेत. पायजम्यातला ‘पाय’ मराठी आहे की नाही? कफनी आणि कफ्तान हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत का? आणि तिसरा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : सैल कपड्यांची नावे इतक्या दूरदूरच्या भाषांतून आपल्यापर्यंत आली, त्यामागे काही कारण आहे की तो निव्वळ योगायोग आहे?

ऐकायला गोड वाटणाऱ्या लोकव्युत्पत्ती मी भरपूर वाचल्या आहेत. त्यामुळे जे खात्रीने सांगता येईल तेवढेच कृपया सांगावे. भाचीला अर्धवट उत्तर देण्याची माझी इच्छा नाही.

उत्तर १ : शब्दशोधक

वाचनवेडा यांच्या भाचीला आधी हे सांगावे की तिचे उत्तर निम्मे बरोबर आहे. पायजमा हा फारसीतला ‘पायजामा’ आहे. त्यात ‘पाय’ म्हणजे पायच, आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र. पायांचे वस्त्र, इतका सरळ अर्थ आहे. ‘जमा’ या अरबी शब्दाशी त्याचा संबंध नाही. मराठीत ‘जामा’तला पहिला स्वर आखूड झाला आणि दोन वेगळे शब्द कानाला एकसारखे वाटू लागले, एवढेच.

मात्र तिने ‘पाय’ मराठी मानला, ही चूक फारच क्षम्य आहे, कारण फारसीतला ‘पाय’ आणि मराठीतला ‘पाय’ हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. संस्कृतातल्या ‘पाद’ शब्दातला ‘द’ प्राकृतात झिजला आणि मराठीला ‘पाय’ मिळाला. प्राचीन इराणी भाषेतला ‘पाद’ त्याच रीतीने झिजून फारसीत ‘पाय’ झाला. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली आणि त्या एकाच ठिकाणी पोहोचल्या. इंग्रजीतला ‘फुट’ याच कुळातला असल्याचे भाषाशास्त्र सांगते. तेव्हा पायजमा हा शब्द उसना असला तरी त्याचा पूर्वार्ध आपल्याला परका वाटत नाही, याला सबळ कारण आहे.

उत्तरार्धही मराठीत एका वेगळ्या जागी सुखाने नांदत आहे. फारसीत ‘जामा’ म्हणजे कोणतेही वस्त्र, पण भारतात त्याचा अर्थ आकुंचित होऊन छातीवर बेताचा, कमरेखाली मोठ्या घेराचा आणि बगलेजवळ बंदांनी बांधायचा लांब अंगरखा असा झाला. त्याच्या आत घालायच्या आखूड वस्त्राला ‘नीमा’ म्हणत, कारण फारसीत ‘नीम’ म्हणजे अर्धा. पूर्ण जामा आणि अर्धा नीमा अशी ही जोडी होती, आणि तिच्यावरूनच अंगावर चढवलेल्या संपूर्ण पोशाखाला आपण आजही ‘जामानिमा’ म्हणतो. हे दोन्ही कपडे वापरातून गेले, तरी त्यांची नावे एकमेकांचा हात धरून मराठीत राहिली आहेत.

इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानीतून उचलला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडच्या पुरुषांच्या लांब निजण्याच्या झग्याची जागा पायजम्याने घेऊ लागली. त्या प्रवासात अर्थ पुन्हा सरकला. तिकडे पायजमा म्हणजे वरचा सदरा धरून झोपण्याचा संपूर्ण जोड, त्यामुळे ‘पायांचे वस्त्र’ आता हातांवरही आले.

‘विजार’ची कथा याहून चमत्कारिक आहे. तिचे मूळ अरबी ‘इजार’ या शब्दात आहे. अरबीत इजार म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचे, सुई न लागलेले वस्त्र. हज यात्रेच्या वेळी पुरुष जी दोन न शिवलेली वस्त्रे धारण करतात, त्यांतल्या खालच्या वस्त्राला आजही इजारच म्हणतात. तोच शब्द फारसीमार्गे भारतात येताना शिवलेल्या, दोन पायांच्या वस्त्राला चिकटला आणि मराठीने सुरुवातीला ‘व’ जोडून त्याची विजार केली. शिवणीचा टाकाही नसलेल्या कापडाचे नाव अशा कपड्याला मिळाले, जो शिवणीशिवाय होऊच शकत नाही.

सलवार मात्र पहिल्यापासून दोन पायांचीच आहे. फारसी ‘शलवार’ अरबांनी ‘सराविल’ या रूपात घेतला. अरबी कानाला हे रूप अनेकवचनासारखे वाटल्याने त्यांनी त्यावरून ‘सिर्वाल’ असे एकवचन नव्याने घडवले. पुढे अरबीतून तो स्पॅनिशमध्ये ‘सारागुएयेस’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘सेरोलश’ झाला. रशियनमध्ये ‘शारोवारी’ आहे आणि मलायमध्ये ‘सलुआर’. नाव ओळखू येते, पण कापडाचा घेर आणि लांबी प्रत्येक ठिकाणी निराळी.

सदरा हा शब्द अरबी ‘सद्र’वरून आला. सद्र म्हणजे छाती, आणि त्यावरूनच पुढचा, अग्रभागीचा, प्रमुख. आपण ‘सदर विषय’ म्हणतो त्यातला ‘सदर’ हाही तिथलाच. अंगरखा तर उघड आहे : अंगरक्षक, म्हणजे अंग राखणारा. ‘पैरण’ हा शब्द फारसी ‘पैराहन’ किंवा ‘पीराहन’चा अवशेष आहे. तोंडातल्या तोंडात झिजून तो इतका मराठी झाला की त्याला फारसी म्हटले तर अनेकांना खरे वाटत नाही.

उत्तर २ : सुईदोरा

शब्दशोधक यांनी शब्दांची बाजू उत्तम मांडली आहे. मी गेली वीस वर्षे कपडे शिवते आहे, त्यामुळे वाचनवेडा यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी कात्रीच्या बाजूने देऊ इच्छिते.

झुब्बा बेतताना कापड दुहेरी घडी घालून समोर पसरले की त्यावर जवळजवळ सगळ्या सरळ रेषाच आखायच्या असतात. पाठ आणि पोट मिळून एक लांब आयत, बाह्यांचे दोन आयत, दोन्ही बाजूंना घेरासाठी तिरक्या कळ्या, आणि बगलेत एक लहानसा चौकोनी तुकडा. हा चौकोन तिरका बसवला की हात वर केल्यावर कापड ताणत नाही, आणि झुब्ब्याचा सगळा सैलपणा खऱ्या अर्थाने त्या चार बोटांच्या तुकड्यावर उभा असतो. अंगाला बसणाऱ्या कपड्यासाठी छाती, कंबर, खांदा, मुंढा अशी किमान पाच-सहा मापे घ्यावी लागतात. झुब्ब्याला उंची आणि बाहीची लांबी कळली तरी पुरते. म्हणजेच एकासाठी शिवलेला झुब्बा दुसऱ्याला होतो. माझ्या मते सैल कपड्यांच्या नावांचा इतका दूरचा प्रवास याच एका गोष्टीमुळे झाला. जो कपडा मापाशिवाय चालतो, तो विकता येतो, भेट देता येतो आणि लुटूनही नेता येतो, आणि कपडा जाईल तिकडे नाव त्याच्याबरोबर जाते.

यातली कोणतीही गोष्ट मी केवळ तर्काने सांगत नाही, कारण नावेच तशी साक्ष देतात. ‘रोब’ हा युरोपीय शब्द जुन्या जर्मानिक ‘राउबा’वरून आला आणि त्याचा अर्थ लूट असा होता. हरलेल्या शत्रूच्या अंगावरून काढून घेतलेले वस्त्र ते रोब. इंग्रजीतले लुटण्याचे क्रियापद ‘रॉब’ हे त्याच घरातले आहे. स्पॅनिशमध्ये ‘रोपा’ म्हणजे सर्वसाधारण कपडे आणि इटालियनमध्ये ‘रोबा’ म्हणजे चीजवस्तू, असा तो अर्थ नंतर निवळत गेला. आता याच्या अगदी उलट टोक पाहा. राजे लोक मानाचे वस्त्र देत त्याला ‘खिलत’ म्हणत, आणि जुन्या मराठी कागदपत्रांतही हा शब्द भेटतो. त्याचे मूळ अरबीतल्या ‘अंगावरून उतरवणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे, कारण स्वतःच्या अंगावरचे वस्त्र काढून दुसऱ्याच्या अंगावर घालणे हा त्या सन्मानाचा गाभा होता. पुढे तयार खिलतींचे साठेच ठेवले जाऊ लागले आणि ते शक्य झाले याचे कारण पुन्हा तेच : कोणालाही होईल असा बेत. एका नावात हिसकावून उतरवलेले वस्त्र आहे आणि दुसऱ्यात प्रेमाने उतरवलेले. दोन्हींत एका अंगावरचे दुसऱ्या अंगाला झाले हे मात्र समान आहे.

झुब्ब्याइतका भटका शब्द मला दुसरा माहीत नाही. अरबीत तो ‘जुब्बा’ आहे, समोरून उघडा, रुंद बाह्यांचा लांब झगा. भूमध्य समुद्र ओलांडून तो इटालियनमध्ये ‘जुब्बा’ आणि फ्रेंचमध्ये ‘झ्युप’ झाला. फ्रेंच झ्युप म्हणजे आज स्त्रियांचा घागरा किंवा स्कर्ट. जर्मनमध्ये ‘योपे’ म्हणजे जाकीट. रशियनमध्ये तर तो दोन वेगवेगळ्या वाटांनी दोनदा शिरला : ‘शुबा’ म्हणजे लोकरी कातड्याचा जाड कोट आणि ‘युबका’ म्हणजे स्कर्ट. एकाच अरबी शब्दाची ही दोन लेकरे एकाच कपाटात शेजारी टांगलेली असतात आणि त्यांना एकमेकांची ओळख नसते. पोर्तुगीजमध्ये त्याचे ‘जिबांव’ झाले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे जपानला पोहोचली तेव्हा जपानी भाषेने ते ‘जिबान’, ‘जुबान’ असे स्वीकारले. किमोनोच्या आत जे वस्त्र घालतात ते हेच जुबान. म्हणजे पूर्णपणे जपानी मानल्या जाणाऱ्या पोशाखाच्या आत एक अरबी शब्द लपलेला आहे, आणि तोच शब्द आपल्याकडे झुब्बा होऊन खुंटीला टांगलेला आहे.

किमोनोचे नाव अगदी साधे आहे. ‘की’ म्हणजे अंगावर घालणे आणि ‘मोनो’ म्हणजे वस्तू. घालायची वस्तू, बस्स. पूर्वी तो सर्व कपड्यांसाठीचाच शब्द होता. 1868 नंतरच्या मेइजी काळात पाश्चात्त्य कपडे आले, त्यांना वेगळे नाव द्यावे लागले आणि ‘किमोनो’ जुन्या पद्धतीच्या पोशाखापुरता उरला. फारसीतल्या ‘जामा’चे भारतात जे झाले तेच इथेही झाले. शिवणाऱ्यांसाठी एक तपशील : किमोनोचे कापड साधारण 36 सेंटिमीटर पन्ह्याचे आणि सुमारे 12 मीटर लांब अशा एकाच पट्टीतून बेततात, सगळे तुकडे सरळ कापतात आणि पन्हा कुठेही वाया घालवत नाहीत. पूर्वी धुण्यासाठी त्याच्या शिवणी उसवत, तुकडे पुन्हा एका पट्टीसारखे जोडत, धुऊन ताणून वाळवत आणि मग किमोनो पुन्हा शिवत. त्या तुकड्यांना मी एकदा हात लावला आहे. टाके लांब आणि हलके होते, उसवण्याची सोय शिवतानाच पाहिलेली होती.

उत्तर ३ : पारखी

सुईदोरा यांचा मुद्दा मला पटला, पण तो सगळ्या नावांना लागू होत नाही, म्हणून हा प्रतिवाद. जी सैल वस्त्रे युरोपात आणि अमेरिकेत गेल्या दोनशे वर्षांत रूढ झाली, त्यांतल्या काहींची नावे ना लुटीतून आली ना भेटीतून. ती माणसांवरून पडली, आणि ती पसरवण्याचे काम रंगभूमीने, वर्तमानपत्रांनी व चित्रांनी केले.

मराठीत पूर्वी सर्रास वापरला जाणारा ‘पाटलोण’ हा शब्द घ्या. तो इंग्रजी ‘पँटलून’चा मराठी अवतार आहे आणि पँटलून हे इटालियन लोकनाट्यातल्या ‘पांतालोने’ या पात्राचे नाव. पांतालोने म्हणजे व्हेनिसचा म्हातारा, चिक्कू व्यापारी. व्हेनिसमध्ये संत पांतालेओने यांची भक्ती मोठी, म्हणून त्या पात्राला ते नाव. आता यातली मौजेची गोष्ट अशी की रंगमंचावरच्या पांतालोनेच्या तुमानी पायांना घट्ट चिकटणाऱ्या असत. नाव पडले घट्ट कपड्यावरून आणि नंतरच्या काळात ते सैल, सरळ पायांच्या विजारीला जाऊन बसले. त्याचेच तुकडे करून अमेरिकनांनी ‘पँट’ केली.

‘ब्लूमर’ हे नाव अमेलिया ब्लूमर यांच्यावरून आले. त्या अमेरिकेत ‘द लिली’ नावाचे स्त्रियांचे पत्र चालवत. 1851 मध्ये एलिझाबेथ स्मिथ मिलर यांनी घोट्याशी चुण्या घातलेली, तुर्की पद्धतीची सैल विजार आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचा झगा असा पोशाख घालायला सुरुवात केली. जमिनीवर लोळणाऱ्या जड घागऱ्यांपेक्षा त्यात चालणे आणि जिने चढणे कितीतरी सोपे होते. ब्लूमर यांनी तो स्वतः घातला, आपल्या पत्रातून त्याची हिरिरीने बाजू मांडली आणि इतर वृत्तपत्रांनी त्यांचेच नाव त्या पोशाखावर चिकटवले. जिने तो पहिल्यांदा घातला तिचे नाव मागे पडले, याचे मला नेहमीच वाईट वाटते. एलिझाबेथ स्मिथ मिलर हे नाव या चर्चेत तरी नोंदले जावे, म्हणून मुद्दाम लिहिले.

‘निकर’ची हकीकत अशी. वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकन लेखकाने 1809 मध्ये न्यूयॉर्कचा एक विनोदी इतिहास ‘डीड्रिख निकरबॉकर’ या काल्पनिक डच लेखकाच्या नावाने प्रसिद्ध केला. त्या पुस्तकाच्या पुढच्या एका आवृत्तीतील चित्रांत डच वसाहतवाले गुडघ्याशी आवळलेल्या ढगळ तुमानींत दाखवले होते. वाचकांनी त्या तुमानींना निकरबॉकर म्हणायला सुरुवात केली, पुढे तो शब्द कापून ‘निकर’ झाला. म्हणजे ज्या माणसाचे नाव आपण निकर म्हणताना घेतो, तो माणूस कधी अस्तित्वातच नव्हता.

आता वाचनवेडा यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण त्याला अजून कोणी हात लावलेला नाही. कफनी आणि कफ्तान यांचा काहीही संबंध नाही. कफनी हा शब्द अरबी ‘कफन’वरून आला, म्हणजे प्रेतावर घालायचे वस्त्र. मध्ये डोके जाईल एवढी चीर असलेले कापडच अंगावर टाकायचे, आणि फकिराने ते घालायचे ते संसाराला आपण मेलो आहोत या भावनेने. म्हणून त्या नावात मृत्यू आहे. कफ्तान मात्र फारसी ‘खफ्तान’ आहे. जुन्या फारसीत खफ्तान म्हणजे चिलखताच्या आत घालायचा, कापूस भरून टाचलेला जाड अंगरखा. तुर्कांकडे जाऊन तो दरबारी पोशाख झाला आणि सुईदोरा यांनी सांगितलेल्या खिलतींमध्ये ऑटोमन सुलतान कफ्तानेच देत. सुरुवातीचा ‘कफ’ कानाला सारखा लागतो, पण एकाच्या मुळाशी प्रेतवस्त्र आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी युद्ध.

कफ्तानावरून एक निरीक्षण मांडतो, जे मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचे वाटते. सैल कपड्यांपैकी कितीतरी कपडे आधी आतले होते आणि नंतर बाहेरचे झाले, आणि नावाने मात्र आतली आठवण सोडली नाही. खफ्तान चिलखताच्या आत असे. पश्चिम आफ्रिकेतला रंगीबेरंगी ‘दाशिकी’ आज मिरवण्याचा सदरा आहे, पण हौसा भाषेतल्या ज्या शब्दावरून तो आला त्यात ‘चिकी’ म्हणजे आत, म्हणजेच तो मुळात आतला सदरा. हवाई बेटांवरचा फुलाफुलांचा ढगळ ‘मुउमुउ’ हाही तसाच. 1820 पासून तिथे आलेल्या मिशनरी स्त्रियांनी रूढ केलेल्या लांब झग्याला ‘होलोकू’ म्हणत. त्याच्या आत घालायच्या आखूड वस्त्राचे नाव मुउमुउ पडले, कारण हवाईयन भाषेत त्या शब्दाचा अर्थ कापलेला, तोडून आखूड केलेला असा आहे. कालांतराने आतला मुउमुउच बाहेर आला.

‘कमीज’चेही तेच. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम एका पत्रात लिहितात की सैनिक लिननचे जे अंगालगत वस्त्र घालतात त्याला ते ‘कामिसिया’ म्हणतात. अंगालगतच्या त्या साध्या वस्त्रापासून फ्रेंच ‘शमीज’, पोर्तुगीज ‘कामिझा’, अरबी ‘कमीस’ आणि आपली कमीज हे सगळे निघाले. पश्चिमेचा लॅटिन शब्द अरबांनी घेतला, तो पूर्वेकडे आला आणि इथे फारसी सलवारीशी त्याची जोडी जमली. सलवार-कमीज या जोडनावात असे दोन टोकांचे शब्द एकत्र आले आहेत.

वाचनवेडा :

शब्दशोधक, सुईदोरा आणि पारखी, तुम्हा तिघांचे मनापासून आभार. कफनी आणि कफ्तान यांच्याबाबत मी इतकी वर्षे चुकीचे धरून चाललो होतो आणि ते इतरांनाही आत्मविश्वासाने सांगत आलो होतो, त्यामुळे ही दुरुस्ती माझ्यासाठी विशेष महत्त्वाची आहे.

तुमची उत्तरे वाचताना आणखी एक शंका आली. आतापर्यंतची सगळी नावे आपोआप पडली, सरकली किंवा चिकटली. एखाद्याने ठरवून, आज्ञा काढून कपड्यांना नवी नावे दिली आणि ती रुळली, असे कधी झाले आहे का? शिवाय सारोंग राहिलाच.

उत्तर ४ : ग्रंथप्रेमी

ठरवून नावे दिल्याचे एक अतिशय ठळक उदाहरण आहे, मात्र ती रुळली नाहीत. अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये बादशहाच्या कपड्यांच्या भांडाराची माहिती देताना लिहिले आहे की अकबराने अनेक वस्त्रांना नवी, ऐकायला सुखद नावे दिली. जामा या शब्दाऐवजी ‘सर्बगाती’, म्हणजे सर्व गात्रे झाकणारा. इजारीला ‘यार-पीराहन’, म्हणजे पैरणीची सोबतीण. बुरख्याला ‘चित्रगुपित’. शालीला ‘परमनरम’, आणि पायताणाला ‘चरणधरन’. यांतली बहुतेक नावे संस्कृत किंवा हिंदवी घडणीची आहेत, तर काहींत फारसीशी जोड घातलेली आहे. ‘परमनरम’ तर मला फारच आवडते, कारण ‘परम’ संस्कृत आणि ‘नरम’ फारसी असूनही दोन्ही शब्द एकाच सुतात काढल्यासारखे वाटतात.

एवढा मोठा बादशहा, एवढा मोठा दरबार आणि इतकी देखणी नावे असूनही आज त्यांतले एकही लोकांच्या तोंडी नाही. जामा जामाच राहिला, इजार विजार होऊन टिकली आणि शालीला शालच म्हणतात. माझे मत असे आहे की ही नावे वस्त्रांचे वर्णन फार नेमके करत होती. जामा म्हणजे नुसते ‘वस्त्र’. तो अर्थ इतका ढगळ की कपड्याचा बेत बदलला, घेर वाढला, लांबी घटली तरी नाव त्यात मावत राहते. ‘सर्व गात्रे झाकणारा’ असे नाव दिलेला कपडा आखूड झाला की नाव खोटे ठरते.

लॅटिन ‘टोगा’ याच जातीचा आहे. तो ‘झाकणे’ या अर्थाच्या ‘तेगेरे’ या क्रियापदावरून आला, संस्कृतातला ‘स्थग्’ हा झाकणे या अर्थाचा धातू भाषाशास्त्रज्ञ त्याच्याशी ताडून पाहतात, आणि आपल्या ‘स्थगित’मध्ये तो धातू आहे. टोगा म्हणजे साधारण 5 ते 6 मीटर लांबीचे, एक बाजू अर्धगोल कापलेले लोकरी कापड. ते नेसायला बहुधा दुसऱ्याची मदत लागे आणि डावा हात त्याच्या घड्या सांभाळण्यातच गुंतून राही. शतकानुशतके त्याचा आकार आणि नेसण्याची तऱ्हा बदलत गेली, पण ‘झाकणारे’ हे नाव प्रत्येक तऱ्हेला पुरले.

सारोंगही तसाच. मलाय भाषेत ‘सारुंग’ म्हणजे म्यान, गवसणी, वरून चढवायचे आवरण. इंडोनेशियात उशीच्या अभ्र्याला ‘सारुंग बांताल’ म्हणतात आणि हातमोज्याला ‘सारुंग तांगान’, म्हणजे हाताची गवसणी. सारोंगाच्या कापडाची दोन टोके शिवून नळी केलेली असते, माणूस तिच्यात उभा राहतो आणि जादा कापड कमरेशी दुमडून खोचतो. कट्यारीला म्यान, उशीला अभ्रा, माणसाला सारोंग : त्या भाषेने तिन्हींकडे एकाच नजरेने पाहिले आहे.

सुईदोरा :

ग्रंथप्रेमी यांच्या म्हणण्याला शिवणाऱ्या व्यक्तीकडून दुजोरा. ‘यार-पीराहन’ हे पूर्ण नाव गेले असले तरी त्यातला ‘पीराहन’ शब्दशोधक यांनी वर सांगितलेल्या ‘पैरण’मध्ये आहेच, आणि तो बादशहाच्या आज्ञेने आलेला नाही. लोकांनी अंगात घालून घालून तो शब्द मऊ केला. वाचनवेडा यांच्या भाचीने हातात धरलेला ‘नेफा’ हा शब्ददेखील फारसीच आहे, तेव्हा पायजम्याचे उत्तर देताना तेही सांगून टाकावे.

वाचनवेडा :

काल रात्री भाचीला सगळे सांगितले. जामा म्हणजे वस्त्र हे तिने लगेच मान्य केले, पण ‘पाय’ दोन भाषांनी वेगवेगळा झिजवून एकसारखा केला हे तिला खरे वाटेना. तिने मला ‘पाद’, ‘पाअ’, ‘पाय’ असे तीन वेळा म्हणायला लावले, स्वतःही म्हणून पाहिले आणि मग मान हलवली. नंतर सारुंग तांगानचे सांगितल्यावर तिने विचारले की मग आपण हाताच्या गवसणीला ‘हातमोजा’ का म्हणतो, मोजा तर पायांत घालतात. तो कपडा सैल नसल्यामुळे त्यासाठी मी वेगळा धागा उघडत आहे.